विश्लेषण : फ्रीजच्या आवाजाशी झगडलेला अणुशास्त्रज्ञ, लिओ झिलार्ड यांची गोष्ट काय सांगते?

रात्री टीव्ही बंद झाला, दिवे मालवले की स्वयंपाकघरातला फ्रीज ऐकू येऊ लागतो. आधी टक्क, मग घरघर, अधूनमधून गुळगुळ. आवाज रोजच्यापेक्षा वाढला तर प्रश्न पडतो, मेकॅनिकला बोलवायचे की दुर्लक्ष करायचे? साधारण शंभर वर्षांपूर्वी बर्लिनमधील दोन पदार्थवैज्ञानिकांनी फ्रीजमधला हलणारा भागच काढून टाकायचे ठरवले होते. त्यातले एक आल्बर्ट आइन्स्टाइन. दुसरे लिओ झिलार्ड. याच झिलार्ड यांना पुढे अणूच्या साखळी अभिक्रियेची कल्पना सुचली आणि अणुबॉम्बचा वापर थांबवण्यासाठीही तेच धडपडले. त्यांचा फ्रीज मूक असेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो सर्वांत जास्त ओरडला. असे का झाले आणि आपल्या घरातला फ्रीज कशामुळे कुरकुरतो, याचा हा वेध.

लिओ झिलार्ड कोण होते?

लिओ झिलार्ड यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८९८ रोजी बुडापेस्टमध्ये, एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात झाला. वडील सिव्हिल इंजिनीअर. लिओही १९१६ मध्ये इंजिनीअरिंगला गेले, पण पहिले महायुद्ध सुरू होते आणि पुढच्याच वर्षी त्यांना ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात भरती व्हावे लागले. १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाने ते आजारी पडले आणि त्यांना घरी पाठवण्यात आले. त्यांची तुकडी आघाडीवर गेली आणि तिची मोठी हानी झाली. आजारपणामुळे झिलार्ड वाचले.

युद्धानंतर हंगेरीत ज्यूंविरोधी वातावरण तापले. विद्यापीठाच्या दारातच विद्यार्थ्यांनी लिओ आणि त्यांच्या भावाला मारहाण केली. १९१९ च्या अखेरीस लिओ यांनी देश सोडला आणि बर्लिन गाठले. तिथे इंजिनीअरिंग मागे पडले आणि पदार्थविज्ञान सुरू झाले. आइन्स्टाइन, माक्स प्लांक, माक्स फॉन लाउए असे दिग्गज त्या काळी बर्लिनमध्ये होते. १९२२ मध्ये उष्मागतिकी म्हणजे उष्णतेच्या शास्त्रातील प्रबंधावर त्यांना डॉक्टरेट मिळाली.

उष्णतेचे हे शास्त्र फ्रीजपासून फार दूर नाही. उष्णता आपोआप गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. ती उलट दिशेने न्यायची तर काम करावे लागते, म्हणजेच ऊर्जा खर्चावी लागते. जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी एकोणिसाव्या शतकात एक कोडे घातले होते. वेगवान आणि मंद रेणू ओळखून त्यांना वेगवेगळ्या कप्प्यांत ढकलणारा एखादा इवलासा द्वारपाल असेल, तर ऊर्जा न खर्चता एक कप्पा गार आणि दुसरा गरम होणार नाही का? झिलार्ड यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवले, की रेणूंची माहिती मिळवण्याचीही किंमत मोजावी लागते. गारवा फुकट मिळत नाही. संगणकाच्या युगातील माहितीशास्त्रातही हा निबंध पायाभूत मानला जातो.

त्या काळचा फ्रीज जीवघेणा का होता?

१९२० च्या दशकात युरोप-अमेरिकेतील शहरांत बर्फाच्या लाद्या ठेवायच्या पेट्या मागे पडत होत्या आणि विजेवर चालणारे फ्रीज घरात येऊ लागले होते. फ्रीजचे मूळ तत्त्व तेव्हाही आजचेच होते. एक वायू दाबून गरम करायचा, बाहेरच्या नळ्यांत त्याची उष्णता सोडून त्याचा द्रव करायचा, मग आतल्या नळ्यांत दाब कमी करून तो द्रव उकळू द्यायचा. उकळताना तो आतली उष्णता शोषून घेतो. हा वायू दाबण्याचे काम कॉम्प्रेसर करतो.

घोटाळा वायूचा होता. मिथाइल क्लोराइड, सल्फर डायऑक्साइड आणि अमोनिया हे तिन्ही वायू थंडावा उत्तम देत, पण तिन्ही विषारी होते. त्या वेळच्या अनेक यंत्रांत मोटर बाहेर असे आणि तिचा फिरता दांडा कॉम्प्रेसरच्या आत जाई. दांडा आत शिरतो तिथे सील बसवलेले असे. सतत फिरणाऱ्या दांड्याला घासून ते सील झिजे आणि वायू हळूहळू घरात पसरे.

बर्लिनमध्ये अशाच गळतीने एक कुटुंब मुलाबाळांसह झोपेतच दगावल्याची बातमी आइन्स्टाइन यांनी वर्तमानपत्रात वाचली. त्यांना ती फार लागली. झिलार्ड तेव्हा त्यांच्याकडे वरचेवर जात असत. दोघांच्या बोलण्यातून पुढे आले, की सील अधिक चांगले करून भागणार नाही. फिरता दांडा आहे तोवर सील आहे आणि सील आहे तोवर गळती आहे. म्हणून यंत्रात फिरणारा भागच नको.

आइन्स्टाइन फ्रीजच्या धंद्यात कसे उतरले?

सापेक्षतावादाचा जनक फ्रीज बनवतो हे ऐकायला विचित्र वाटते, पण आइन्स्टाइन यंत्रांना अपरिचित नव्हते. त्यांच्या वडिलांचा आणि काकांचा विजेच्या उपकरणांचा व्यवसाय होता. ते स्वतः १९०२ ते १९०९ या काळात बर्न येथील पेटंट कार्यालयात लोकांचे शोध तपासत होते. अर्ज कसा लिहायचा, दावा कुठे कच्चा राहतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

झिलार्ड यांच्या बाजूने आणखी एक कारण होते, पैशांची गरज. विशीतले हे संशोधक विद्यापीठातील तुटपुंज्या उत्पन्नावर दिवस काढत होते. दोघांनी करार केला. सर्व शोध सामाईक राहतील. झिलार्ड यांची कमाई विद्यापीठातील सहायकाच्या पगारापेक्षा कमी असेल, तर फ्रीजचे उत्पन्न आधी त्यांना मिळेल. त्याहून जास्त असेल, तर निम्मे निम्मे वाटून घ्यायचे. नोबेल मिळालेल्या ज्येष्ठाने तरुण मित्राचा संसार चालावा म्हणून केलेली ही व्यवस्था होती.

पुढच्या काही वर्षांत दोघांनी अनेक देशांत मिळून ४५ हून अधिक पेटंटे घेतली. त्यातले अमेरिकी पेटंट ११ नोव्हेंबर १९३० रोजी मंजूर झाले.

त्यांनी नेमके काय बनवले?

त्यांची मुख्यतः तीन प्रकारची यंत्रे होती.

पहिल्या प्रकारात मोटर नव्हतीच. अमोनिया, ब्यूटेन आणि पाणी यांचे मिश्रण एका बंद नळीसंचात फिरे आणि त्याला फिरवायला फक्त उष्णता लागे, गॅसच्या ज्योतीची किंवा विजेच्या हीटरची. स्वीडनमधील इलेक्ट्रोलक्स कंपनी आधीच अशा धर्तीचा फ्रीज विकत होती. तिने झिलार्ड आणि आइन्स्टाइन यांचे पेटंट विकत घेतले, पण त्यानुसार यंत्र बाजारात आणले नाही. या जातीचे फ्रीज आजही आपल्याला भेटतात. हॉटेलच्या खोलीत पलंगाशेजारी ठेवलेला छोटा फ्रीज अनेकदा याच तत्त्वावर चालतो आणि म्हणून रात्रभर हूं की चूं करत नाही. तो वीज जास्त खातो, त्यामुळे घरगुती वापरात मागे पडला.

दुसरा प्रकार अगदी साधा होता. नळाच्या पाण्याच्या दाबावर चालणारे, पेयात बुडवून ते गार करणारे छोटे उपकरण. हॅम्बर्गच्या एका कंपनीने ते हाती घेतले आणि १९२८ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत त्याचे प्रात्यक्षिकही झाले. पण नळाच्या पाण्याचा दाब इमारतीगणिक आणि मजल्यागणिक बदलतो. एका घरात चालणारे उपकरण वरच्या मजल्यावर ढिम्म राही. तो प्रयत्न तिथेच संपला.

तिसरा प्रकार सर्वांत धाडसी होता. फिरत्या दांड्याऐवजी द्रवरूप धातू. पोलादी नळीत द्रवधातू भरायचा, नळीबाहेर तारांची वेटोळी बसवायची. वेटोळ्यांतून वीज गेली की चुंबकीय क्षेत्र सरकते आणि आतला धातू त्याच्यासोबत पुढे मागे ढकलला जातो. हा धातूच दट्ट्याचे काम करतो आणि वायू दाबतो. नळी पूर्णपणे वेल्ड केलेली असते. कुठे दांडा नाही, सील नाही, म्हणून गळतीलाही वाव नाही. बर्लिनमधील एईजी या बड्या विद्युत कंपनीने १९२८ मध्ये हे काम स्वीकारले आणि आपल्या संशोधन संस्थेत त्यासाठी माणसे नेमली. अल्बर्ट कोरोडी हे झिलार्ड यांचे हंगेरियन मित्र त्यातले प्रमुख इंजिनीअर होते.

मूक फ्रीज कोल्हेकुई का करू लागला?

दांडा नाही, बेअरिंग नाही, घर्षण नाही. मग आवाज येणार कुठून, असा तर्क होता. नमुना चालू झाला आणि तर्क कोसळला. होलोग्राफीसाठी पुढे नोबेल मिळवणारे डेनिस गाबोर हे झिलार्ड यांचे बर्लिनमधील मित्र. त्यांच्या आठवणीत ते यंत्र कोल्ह्यासारखे कुई करत होते. कोरोडी यांना मात्र तो आवाज जोरात वाहणाऱ्या पाण्यासारखा वाटला. दोघांच्या उपमा वेगळ्या असल्या तरी हे यंत्र स्वयंपाकघरात ठेवण्याजोगे नव्हते, हे उघड होते.

कारण द्रवातच दडलेले होते. द्रव झपाट्याने ढकलला की काही ठिकाणी दाब एकदम घसरतो आणि तिथे सूक्ष्म पोकळ्या तयार होतात. पुढच्याच क्षणी दाब वाढतो आणि त्या पोकळ्या मिटतात. अशा हजारो पोकळ्या धडाधड मिटण्याचा एकत्रित आवाज म्हणजे ती कोल्हेकुई. याला कॅव्हिटेशन म्हणतात. बोअरवेलच्या पंपाला पाणी कमी पडले की तो खडी दळल्यासारखा आवाज करतो, त्यामागेही बऱ्याचदा हेच असते. पंपाचा जोर आणि वेग बदलला की आवाजही बदले. त्यामुळे विद्युतदाबात फेरफार करणे, वेटोळी वाढवणे असे उपाय एकेक करून तपासावे लागले.

ही खटपट वाया गेली नाही. ३१ जुलै १९३१ रोजी एईजीच्या संशोधन संस्थेत एक संपूर्ण फ्रीज अखंड चालू ठेवण्यात आला. तुलना सोपी जावी म्हणून यंत्र जनरल इलेक्ट्रिकच्या सुमारे १२० लिटरच्या कपाटात बसवले होते. द्रवधातू म्हणून सोडियम आणि पोटॅशियमचे मिश्रण, तर थंडावा देण्यासाठी पेंटेन वापरले होते. फ्रीज १३६ वॉटवर चालला आणि दिवसाला २.३ युनिट वीज लागली.

मग तो बाजारात का आला नाही?

दोन गोष्टी आड आल्या. १९२९ पासून जागतिक महामंदी सुरू झाली होती आणि जर्मनीला तिचा फटका जबर बसला. एईजीने खर्च कापला आणि १९३२ मध्ये हे काम बंद पडले.

दुसरी गोष्ट अमेरिकेतून आली. १९३० मध्ये फ्रीऑन या नव्या वायूची घोषणा झाली. तो विषारी नव्हता आणि पेटही घेत नव्हता. शिवाय मोटर आणि कॉम्प्रेसर दोन्ही एकाच वेल्ड केलेल्या लोखंडी डब्यात कोंडण्याची पद्धतही रुळत चालली होती. मोटरच आत गेल्यावर दांडा बाहेर यायचा प्रश्न उरला नाही. झिलार्ड आणि आइन्स्टाइन यांनी जो धोका मुळापासून काढायचा ठरवला होता, तो या स्वस्त मार्गाने आटोक्यात आला.

फ्रीऑनचा दोष कळायला चाळीसहून अधिक वर्षे लागली. हा सीएफसी वर्गातील वायू वातावरणातील ओझोनचा थर खातो. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो टप्प्याटप्प्याने बंद झाला. आज आपल्याकडच्या बहुतेक नव्या घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्यूटेन असतो. झिलार्ड आणि आइन्स्टाइन यांच्या ब्यूटेन-पेंटेनचाच हा सख्खा भाऊबंद. तो विषारी नाही, पण ज्वलनशील आहे. फ्रीजमध्ये तो मोजक्या ग्रॅममध्येच भरलेला असतो.

आज घरातल्या फ्रीजचा आवाज कुठून येतो?

बंद डब्यातल्या कॉम्प्रेसरने गळती थांबवली, आवाज मात्र राहिला. डब्याच्या आत दट्ट्या पुढे मागे होतच असतो. आपल्याकडे विजेची दिशा सेकंदाला ५० आवर्तने अशी बदलते आणि त्यामुळे मोटरचे लोखंड सेकंदाला १०० वेळा थरथरते. रात्री ऐकू येणारी सलग घूं ती हीच. ही थरथर बाहेर येऊ नये म्हणून कॉम्प्रेसर आतून स्प्रिंगवर आणि बाहेरून रबराच्या पायांवर बसवलेला असतो. रबर कडक झाले, फ्रीज डगमगू लागला किंवा मागची नळी भिंतीला टेकली की तीच थरथर ओट्याला, भिंतीला, वरच्या डब्यांना जाऊन मोठी होते.

एईजीच्या प्रयोगशाळेत जे केले, तेच घरी करायचे : आवाज कुठून येतो, केव्हा येतो आणि काय बदलले की बदलतो, हे एकेक करून तपासायचे.

खडखड : फ्रीजच्या वरच्या बाजूला हाताने हलका दाब द्या. आवाज थांबला तर फ्रीज समतल नाही. पुढचे पाय फिरवून तो स्थिर करा. पुढची बाजू किंचित उंच ठेवली की दारही आपोआप लागते. मागे पाणी साचायचा ट्रे सैल झाला असेल किंवा वर ठेवलेली बरणी वाजत असेल, तेही पाहा. फ्रीज भिंतीपासून थोडा पुढे असावा.

फ्रीजरच्या आतून घासल्यासारखा आवाज : फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये आत पंखा असतो. बऱ्याच मॉडेलमध्ये दार उघडले की तो थांबतो. दार उघडताच आवाज बंद झाला, तर पंख्याच्या पात्याला बर्फ लागत असण्याची शक्यता मोठी. फ्रीज बंद करून, दार उघडे ठेवून बर्फ पूर्ण वितळू द्या. बर्फ पुन्हा लवकर साचला तर डीफ्रॉस्टच्या यंत्रणेत बिघाड असू शकतो. दाराचे रबरही तपासा. दारात कागद अडकवून ओढा; तो सहज निसटला तर रबर सैल आहे आणि बाहेरची दमट हवा आत जाऊन बर्फ होत आहे.

घूं, मग टक्क, आणि काही मिनिटांनी पुन्हा तेच : कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतो आणि सुरक्षेची कळ त्याला बंद करते. वीज जाऊन लगेच आली की असे होते, कारण नळ्यांतला दाब समान व्हायला वेळ लागतो. फ्रीज बंद करून पाचेक मिनिटांनी लावा. तरीही तेच चालू राहिले तर विद्युतदाब कमी आहे, रिले बिघडला आहे किंवा कॉम्प्रेसर अडकला आहे. इथे वाट पाहू नका. फ्रीज बंद ठेवा आणि मेकॅनिकला बोलवा. असेच चालू ठेवले तर कॉम्प्रेसर जळू शकतो.

घरघर सतत, थांबतच नाही : उन्हाळ्यात आणि दार वारंवार उघडल्यावर फ्रीज जास्त वेळ चालतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर तर हळू वेगाने बराच काळ चालण्यासाठीच बनवलेला असतो. पण थंडावा कमी होऊन घरघर वाढली असेल, तर प्लग काढून मागची जाळी दिसत असल्यास तिच्यावरची धूळ झटका.

गुळगुळ, सळसळ, मध्येच कट्ट : नळ्यांतून वाहणारा द्रव गुळगुळतो आणि तापमान बदलले की प्लास्टिक आकसून कट्ट वाजते. हे आवाज निरोगी फ्रीजचे आहेत.

घर बदलताना फ्रीज आडवा नेला असेल, तर तो उभा करून काही तास तसाच राहू द्या. कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत गेलेले असते, ते परत खाली यायला हवे.

एक चूक मात्र कधीच करू नये. साचलेला बर्फ सुरीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नये. बर्फामागेच वायूची नळी असते. ती फुटून फुस्स आवाज आला तर खिडक्या उघडा आणि ज्योत पेटवू नका. जवळपासचे कोणतेही बटण दाबू नका, प्लगलाही हात लावू नका. आयसोब्यूटेन हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साठतो आणि त्याला एक ठिणगी पुरते.

फ्रीजनंतर झिलार्ड यांचे काय झाले?

फ्रीजचे काम बंद पडले त्या सुमारास बर्लिनही बदलत होते. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. अनेक प्राध्यापकांना वाटत होते, की हे वादळ काही महिन्यांत शमेल. झिलार्ड यांना तसे वाटले नाही. ते दोन सुटकेसी भरून तयार राहत होते. मार्च १९३३ च्या अखेरीस त्यांनी व्हिएन्नाची गाडी पकडली. गाडी जवळपास रिकामी होती. दुसऱ्याच दिवशी तीच गाडी खचाखच भरलेली होती आणि सरहद्दीवर प्रवाशांना अडवून त्यांची झडती घेण्यात आली. एका दिवसाने झिलार्ड सुटले. आइन्स्टाइन त्याआधीच जर्मनीबाहेर होते. ते परत आले नाहीत.

पुढे लंडनमध्ये झिलार्ड यांनी नोकऱ्या गेलेल्या शास्त्रज्ञांना आसरा मिळवून देणारी संस्था उभी करण्यात हातभार लावला. त्यांचा स्वतःचा ठावठिकाणा हॉटेलच्या खोलीत होता. सप्टेंबर १९३३ मध्ये अर्नेस्ट रदरफोर्ड यांनी अणूतून व्यवहारोपयोगी ऊर्जा मिळण्याची कल्पना फोल ठरवल्याचे वृत्त त्यांनी वाचले. त्याच विचारात चालताना साउथॅम्प्टन रो या रस्त्यावर ते सिग्नलपाशी थांबले आणि त्यांना साखळी अभिक्रिया सुचली. एका न्यूट्रॉनने अणू फुटला आणि त्यातून दोन न्यूट्रॉन सुटले, तर दोनाचे चार, चाराचे आठ होत प्रचंड ऊर्जा बाहेर पडेल. १९३४ मध्ये त्यांनी याचे पेटंट मागितले. ते उघड झाले तर हिटलरच्या हाती लागेल या भीतीने १९३६ मध्ये ते ब्रिटिश नौदल खात्याच्या हवाली करून गुप्त ठेवले.

युरेनियमचा अणू फुटतो हे कळल्यावर, १९३९ मध्ये, झिलार्ड न्यूयॉर्कमध्ये होते. जर्मनी आधी बॉम्ब बनवेल ही त्यांची धास्ती होती. त्यांनी पुन्हा फ्रीजमधल्या जुन्या भागीदाराचे दार ठोठावले. लाँग आयलंडवरील घरी आइन्स्टाइन यांनी त्यांचे ऐकून घेतले आणि २ ऑगस्ट १९३९ ही तारीख असलेल्या, अध्यक्ष रुझवेल्ट यांच्या नावे लिहिलेल्या पत्रावर सही केली. अमेरिकेच्या अणुप्रकल्पाची सुरुवात तिथून झाली.

शिकागोत एन्रिको फर्मी यांच्यासोबत अणुभट्टी उभारताना झिलार्ड यांची दोष हुडकण्याची सवय कामी आली. ग्राफाइटमध्ये बोरॉनचा किंचित अंश असला तरी तो न्यूट्रॉन गिळतो, हे ओळखून त्यांनी अतिशुद्ध ग्राफाइटचा आग्रह धरला. जर्मन शास्त्रज्ञांनी ग्राफाइटचा नाद सोडला, त्यामागे हीच अशुद्धता होती. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोची अणुभट्टी चालू झाली आणि सिग्नलवर सुचलेली कल्पना खरी ठरली. त्या दिवशी झिलार्ड यांना आनंदापेक्षा काळजी अधिक वाटली.

बॉम्बविरोधी इशाऱ्याचे काय झाले?

१९४५ च्या वसंतात जर्मनी हरत आला होता. ज्या भीतीपोटी झिलार्ड यांनी हे सारे सुरू केले, ती भीतीच संपली होती. बॉम्ब आता जपानवर पडणार, हे दिसत होते. त्यांनी रुझवेल्ट यांची भेट मिळवायचा प्रयत्न केला, पण १२ एप्रिलला रुझवेल्ट यांचे निधन झाले. मग त्यांनी पुढे परराष्ट्रमंत्री झालेल्या जेम्स बर्न्स यांना गाठले. तिथे त्यांचे काही चालले नाही. जुलैमध्ये त्यांनी विनंतीपत्र लिहिले. जपानला शरणागतीच्या अटी स्पष्ट सांगून संधी दिल्याशिवाय बॉम्ब वापरू नये, असा त्याचा आशय होता. प्रकल्पातील ७० जणांनी त्यावर सह्या केल्या. ते अध्यक्ष ट्रुमन यांच्यापर्यंत पोहोचलेच नाही. ६ ऑगस्टला हिरोशिमा आणि ९ ऑगस्टला नागासाकी बेचिराख झाली.

युद्धानंतर झिलार्ड जीवशास्त्राकडे वळले आणि उरलेला वेळ अण्वस्त्रांना आळा घालण्यात घालवला. १९६० मध्ये न्यूयॉर्कला आलेले सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चॉव्ह यांना ते भेटले. वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात थेट संपर्काची सोय हवी, असा मुद्दा त्यांनी मांडला. गैरसमजातून युद्ध पेटू नये, हा त्यामागचा हेतू. अशी हॉटलाइन १९६३ मध्ये सुरू झाली. त्याच काळात त्यांना मूत्राशयाचा कर्करोग झाला. त्यांनी स्वतःच्या किरणोपचाराची आखणी स्वतः केली आणि ते बरे झाले. ३० मे १९६४ रोजी कॅलिफोर्नियातील ला होया येथे, ६६ व्या वर्षी, झोपेत हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले.

त्यांच्या ओरडणाऱ्या पंपाचे पुढे काय झाले?

झिलार्ड आणि आइन्स्टाइन यांचा फ्रीज एकाही स्वयंपाकघरात पोहोचला नाही. त्यातला पंप मात्र वेगळ्याच ठिकाणी उपयोगी पडला. काही अणुभट्ट्या पाण्याऐवजी द्रवरूप धातूने थंड केल्या जातात. हा तापलेला धातू कुठेही न गळता वाहता ठेवायचा तर दांडा आणि सील नसलेला पंप फायद्याचा ठरतो. झिलार्ड यांनी युद्धकाळातच द्रवधातूने अणुभट्टी थंड करण्याचा पर्याय सुचवला होता. पुढे अशा अणुभट्ट्यांत विद्युतचुंबकीय पंप वापरात आले. तमिळनाडूतील कल्पाक्कम येथे १९८५ मध्ये कार्यान्वित झालेली फास्ट ब्रीडर चाचणी अणुभट्टीही द्रवरूप सोडियमनेच थंड केली जाते. स्वयंपाकघरात नकोशी वाटणारी कुई अणुभट्टीच्या जाड भिंतीआड कुणाला खुपत नाही. तिथे गळती न होणे हेच महत्त्वाचे, आणि बर्लिनमधील त्या कुटुंबाची बातमी वाचून दोघांनी पहिला विचार केला होता तो गळतीचाच.